हिरडीतून रक्त आलं म्हणून ब्रश बंद करू नका : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डॉक्टर, दोनेक महिने झाले, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतंय. दुखत अजिबात नाही. ब्रश लागत असेल असं वाटून मी तो बंदच केला, आता बोटाने पेस्ट फिरवते आणि चूळ भरते. तरी रक्त कमी व्हायचं सोडून वाढलंय. व्हिटॅमिनच्या गोळ्या सुरू करू का?

उत्तर : गोळ्यांचं नंतर बघू, आधी ब्रश परत हातात घ्या. तुमच्यासारखं करणारे पेशंट मला सारखे भेटतात आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण जपायला म्हणून जे करतात त्यानेच दुखणं वाढतं. होतं काय, की दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या कडेला जंतूंचा एक चिकट पांढरट थर साचतो, याला प्लाक म्हणतात, सकाळी नख फिरवलं तर नखाला लागतो बघा. तो काढला नाही की हिरडी सुजते, लाल होते, आणि सुजलेल्या हिरडीला नुसता धक्का लागला तरी रक्त येतं. म्हणजे ब्रशने जखम झाली म्हणून नाही, तिथे घाण राहिली म्हणून रक्त येतंय. तुम्ही ब्रश बंद केलात, थर वाढला, सूज वाढली, रक्त वाढलं.

हे आता कुणी नाकारत नाही. 1965 साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरड्या चांगल्या असलेल्या 12 जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं होतं, तर 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या. परत घासायला लागल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या! या टप्प्यावरची सूज पूर्ण बरी होते, हे मला तुम्हाला आवर्जून सांगायचंय.

मऊ ब्रिसल्सचा ब्रश घ्या, तो दातावर सरळ न धरता थोडा तिरका करून हिरडीच्या कडेला टेकवा आणि जोर न लावता जागच्या जागी बारीक बारीक हलवा, मग पुढच्या दातावर. आतली बाजू विसरू नका, खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू तर बहुतेकांची राहतेच. दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. दोन दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथे फ्लॉस (फटीतून फिरवायचा धागा) किंवा फटीत घालायचा छोटा ब्रश लागतो. सुरुवातीचे काही दिवस रक्त येईल, घाबरू नका, एक-दोन आठवड्यांत कमी व्हायला हवं. नाही झालं तर दाखवा, कारण मग बहुधा किटण, म्हणजे कडक झालेला प्लाक, धरलेलं असतं आणि ते ब्रशने निघत नाही. डायबेटिस असेल तर ते डेंटिस्टला आधी सांगा, साखर ताब्यात नसली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर ताब्यात ठेवणं अवघड जातं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

आणि घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर त्यांच्या हिरड्यांतून रक्त येत नाही यावर समाधान मानू नका. तंबाखूमुळे हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, त्यामुळे आतून रोग वाढत असतो आणि खूण मात्र दिसत नाही.

प्रश्न : आमच्या आईला दात साफ करून घ्यायला सांगितलंय पण ती तयार नाही, म्हणते एकदा मशीन लावलं की दात हलायला लागतात. खरं आहे का?

उत्तर : नाही, पण आईंना असं का वाटतं ते मला कळतं. किटण म्हणजे तोच प्लाक लाळेतल्या क्षारांनी कडक झालेला. वर्षानुवर्षं ते साठलं की हिरडी खाली सरकते, आतलं हाड झिजतं, आणि दात सैल झालेला असला तरी किटणाने शेजारच्या दाताला बांधल्यासारखा राहतो. ते काढलं की खरी परिस्थिती समोर येते आणि नाव स्केलिंगचं, म्हणजे मशीनने किटण काढण्याचं, होतं. मशीनचं टोक कंपनाने किटण फोडतं, दात तासत नाही. नंतर फटी जाणवतील, थोडे दिवस गार लागेल, ते त्यांना आधीच सांगून ठेवा म्हणजे भीती वाटणार नाही. पण हाड एकदा झिजलं की स्केलिंगने परत येत नाही, म्हणून लांबवू नका.

प्रश्न : मुलगा साडेसहा वर्षांचा आहे, सगळ्यात मागच्या दाढेवर काळा डाग दिसतोय. दुधाचीच दाढ, पडणारच आहे, तर राहू द्यावी का?

उत्तर : ती दुधाची नसावी, याच आठवड्यात दाखवा! सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते, तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही म्हणून घरात कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि ती आयुष्यभर वापरायची असते. वरच्या खोल खाचांत कीड पटकन लागते. डाग नुसता असेल तर खाचा सीलंटने, म्हणजे वरून लावायच्या पातळ लेपाने, बंद करता येतात, कीड आत गेली असेल तर फिलिंग. आणि दुधाची निघाली तरी सोडायची नाही, त्या दाढा 10 ते 12 वर्षांपर्यंत राहतात आणि खालच्या दातांची जागा धरून ठेवतात. रात्रीचा ब्रश तुम्ही स्वतः करून द्या, या वयात मुलाचा हात मागपर्यंत नीट पोचत नाही. पेस्ट फ्लोराइडची, मटारच्या दाण्याएवढी. नंतर थुंकायला सांगा, पण चुळा भरून सगळी धुऊन टाकायची नाही, दातावर थोडी राहिलेली चांगली.

प्रश्न : रात्री कंटाळा येतो, ब्रशऐवजी माउथवॉश चालेल का?

उत्तर : नाही चालणार. प्लाकचा थर चिकट असतो, नुसत्या पाण्यासारख्या औषधाने सुटत नाही, तो घासावाच लागतो. शिवाय झोपेत लाळ खूप कमी होते आणि जंतू तयार करतात ते ॲसिड धुऊन काढणारी तीच असते, म्हणून एक वेळ सकाळचा ब्रश घाईत झाला तरी रात्रीचा चुकवू नका.