ॲनलॉग ऑसिलोस्कोपमध्ये पळणारं चित्र थांबतं कसं? ट्रिगर आणि स्वीप सर्किट आत नेमकं काय करतात?

प्रश्न असा आहे: २० मेगाहर्ट्झचा जुना, दोन चॅनलचा स्कोप हाती आलाय. लेव्हलचा नॉब फिरवला की पळणारं चित्र एकदम थांबतं, काही सिग्नलना मात्र काही केल्या थांबत नाही, आणि होल्डऑफचा नॉब कशासाठी दिलाय ते कळत नाही.

आधी एक गैरसमज दूर करतो. स्वीप म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्याची डावीकडून उजवीकडे एक धाव. ट्रिगर या स्वीपचा वेग सिग्नलशी जुळवून घेतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. फार जुन्या स्कोपमध्ये तसंच होतं. करवतीच्या दात्यांसारखा व्होल्टेज देणारा ऑसिलेटर, बहुधा थायरॅट्रॉनचा (वायू भरलेल्या, स्विचसारख्या चालणाऱ्या ट्यूबचा), अखंड चालू असे. त्याला सिग्नलचा थोडा अंश टोचून त्याची फ्रीक्वेन्सी ओढून जुळवली जाई. याला सिंक म्हणत. चित्र थांबायचं, पण आडव्या अक्षावर एका घराला (पडद्यावरच्या जाळीतल्या एका चौकटीला) किती वेळ हे खात्रीने सांगता येत नसे. १९४६ साली सुरू झालेल्या टेक्ट्रॉनिक्सने १९४७ साली ५११ हा स्कोप काढला, त्यात वेळेचं माप ठरलेलं होतं आणि स्वीप ट्रिगरवर सुटत होता. तुमच्या स्कोपमध्येही हेच तत्त्व आहे: स्वीपचा वेग फक्त टाइम/डिव्हचा (एका घराला किती वेळ) स्विच ठरवतो, आणि ट्रिगर फक्त ‘आता सूट’ एवढंच सांगतो.

स्वीप तीनपैकी एका अवस्थेत असतो: ट्रिगरची वाट पाहतोय, धावतोय, किंवा परत येऊन काही काळ बहिरा झालाय (या बहिरेपणालाच होल्डऑफ म्हणतात). धावताना आणि बहिरा असताना कितीही ट्रिगर पल्स आले तरी तो ढिम्म असतो. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

घरातल्या मेन्सचं उदाहरण घ्या (ट्रान्सफॉर्मरच्या ६ व्होल्ट सेकंडरीवरून, थेट प्लगमधून अजिबात नाही). ५० हर्ट्झ म्हणजे एक सायकल २० मिलिसेकंदांची. ५ मिलिसेकंद/घर लावलं तर दहा घरांत ५० मिलिसेकंद, म्हणजे अडीच सायकली मावतात. स्वीप संपला त्या क्षणी लगेच पुन्हा सुटला असता तर दुसरं चित्र अर्धी सायकल सरकून पडलं असतं. तो सुटत नाही. ६० व्या मिलिसेकंदाला व्होल्टेज पुन्हा त्याच पातळीवरून त्याच दिशेने वर जाईपर्यंत थांबतो. होल्डऑफ तोवर संपला नसेल तर एक सायकल आणखी सोडून ८० व्याला सुटतो. दोन्ही वेळा चित्र आधीच्या चित्रावरच बसतं.

आता रॅम्प. ठिपका डावीकडून उजवीकडे एकसारख्या वेगाने सरकायचा तर आडव्या प्लेट्सना सरळ रेषेत चढणारा व्होल्टेज, म्हणजे रॅम्प, हवा. कपॅसिटर नुसता रेझिस्टरमधून चार्ज केला तर तो वाकडा चढतो. १०० व्होल्टच्या सप्लायवरून फक्त १० व्होल्टपर्यंत चार्ज केला तरी शेवटाला वेग १० टक्क्यांनी घटलेला असतो. म्हणून मिलर इंटिग्रेटर वापरतात. ॲम्प्लिफायरच्या इनपुट आणि आउटपुटच्या मध्ये कपॅसिटर असतो. इनपुटचा व्होल्टेज जवळपास हलत नाही, त्यामुळे रेझिस्टरमधला करंट कायम राहतो आणि आउटपुट सरळ चढतो.

आकडे घालून पाहा. रेझिस्टरवर १० व्होल्ट, रेझिस्टर १ मेगओहम, म्हणजे करंट १० मायक्रोॲम्पिअर. कपॅसिटर १० नॅनोफॅरड असेल तर रॅम्प दर मिलिसेकंदाला १ व्होल्ट चढतो. एका घराला १ व्होल्ट लागत असेल तर झालं १ मिलिसेकंद/घर. रेझिस्टर २ आणि ५ मेगओहम केला की २ आणि ५ मिलिसेकंद. कपॅसिटर १ नॅनोफॅरड केला की सगळं दहापट जलद. स्विचवरचे १-२-५ हे टप्पे असे येतात: बहुतेक रेझिस्टरमधून १-२-५, कपॅसिटरमधून दशक. दुरुस्तीत हे फार कामाला येतं. सगळ्या दशकांतली ‘२’ चुकत असेल तर रेझिस्टर बघा, एकाच दशकातली १, २, ५ तिन्ही सारखीच चुकत असतील तर त्या दशकाचा कपॅसिटर. बदलताना पॉलिस्टायरीन, पॉलिप्रॉपिलीन किंवा मायका घ्या. साधा सिरॅमिक घातला तर व्होल्टेजबरोबर त्याची किंमत बदलते आणि रॅम्प पुन्हा वाकडा होतो.

×१० मॅग्निफायर मात्र स्वीप जलद करत नाही. तो आडव्या ॲम्प्लिफायरचा गेन दहापट करतो, पडद्याला फक्त मधला दहावा भाग दिसतो, म्हणून रेषा फिकी पडते.

रॅम्प सुरू आणि बंद करणारा एक फ्लिप-फ्लॉप (दोन अवस्थांत उलटसुलट होणारं सर्किट) असतो, त्याला स्वीप गेट म्हणतात. ट्रिगर पल्स आला की तो उलटतो, कपॅसिटरला रिकामा धरून ठेवणारा क्लॅम्प सुटतो, आणि त्याच वेळी ट्यूबच्या ग्रिडला पल्स जाऊन बीम उजळतो. रॅम्प १० घरांच्या जरा पुढे गेला की एक कम्पॅरेटर (व्होल्टेज ठरलेल्या पातळीशी ताडणारं सर्किट) फ्लिप-फ्लॉप परत फिरवतो, बीम विझतो, कपॅसिटर रिकामा होतो. परतीची तिरपी रेषा दिसू लागली तर बीम विझवणारं सर्किट गेलंय. तिथे हात घालताना जपून. ते ग्रिड अशा साध्या स्कोपमध्येही चॅसीच्या तुलनेत उणे दीड-दोन हजार व्होल्टवर असू शकतं.

ट्रिगरचा सिग्नल चॅनलच्या ॲटेन्युएटरनंतर (सिग्नल लहान करणाऱ्या भागानंतर) काढतात. म्हणजे पडद्यावर चित्र जेवढं उंच, तेवढाच माल ट्रिगरला मिळतो. व्होल्ट/डिव्ह (एका घराला किती व्होल्ट) चुकीचा ठेवून चित्र पाव घराएवढं केलं आणि मग लेव्हलचा नॉब पिळत बसलात तर काही होणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? निदान दोन-तीन घरं उंची ठेवा. तिथून पुढे लेव्हलचा नॉब ट्रिगरच्या कम्पॅरेटरची पातळी ठरवतो, स्लोप दिशा ठरवतो. कम्पॅरेटरला मुद्दाम थोडा हिस्टेरेसिस (चालू आणि बंद होण्याच्या पातळ्यांत फरक) दिलेला असतो, नाहीतर नॉइजमुळे एकाच चढावर चार पल्स निघतील. त्यानंतर पल्स डिफरन्शिएट करून बारीक, तीक्ष्ण सुई केली जाते, आणि ती स्वीप गेटला जाते.

ट्रिगरच्या कपलिंगकडे (सिग्नल ट्रिगरपर्यंत कोणत्या वाटेने जातो) लोक दुर्लक्ष करतात. एसी कपलिंगमध्ये सिग्नलची सरासरी शून्यावर येते. पीडब्ल्यूएमची (पल्सची रुंदी बदलणाऱ्या सिग्नलची) ड्युटी सायकल, म्हणजे पल्स चालू असण्याचं प्रमाण, बदलली की सरासरी बदलते, ट्रिगरची जागा सरकते, अरुंद पल्स असेल तर ट्रिगर हुकूही शकतो. तिथे डीसी घ्या. सप्लायच्या १०० हर्ट्झ रिपलवर स्विचिंगचा केर बसला असेल तर एचएफ रिजेक्ट (वरच्या फ्रीक्वेन्सी गाळणं), किंवा थेट लाइन सोर्स (मेन्सवरूनच ट्रिगर).

आता होल्डऑफ. समजा तीन पल्स ०, १.५ आणि ३ मिलिसेकंदांना येतात, त्यांची रुंदी ०.२, ०.४ आणि ०.६ मिलिसेकंद आहे, आणि हा गट दर १० मिलिसेकंदांनी परत येतो. ०.१ मिलिसेकंद/घर लावलंत, स्वीप १ मिलिसेकंदाचा. तो संपून जरा बहिरा राहतो आणि १.५ ला दुसऱ्या पल्सवर सुटतो, मग ३ ला तिसऱ्यावर. परिणामी तीन वेगळ्या रुंदीचे पल्स एकमेकांवर छापले जातात. लेव्हलने हे कधीच सुटणार नाही, कारण तिन्ही चढ लेव्हलच्या दृष्टीने सारखेच आहेत. होल्डऑफ वाढवून स्वीप आणि बहिरेपण मिळून ५ मिलिसेकंदांच्या आसपास न्या. आता पहिल्यावर सुटलेला स्वीप पुढचे दोन ऐकतच नाही, थेट पुढच्या गटाचा पहिला पल्स पकडतो. तुमचं न थांबणारं चित्र बहुधा याच जातीचं आहे. होल्डऑफचा नॉब नसलेल्या स्कोपवर स्वीपचा व्हेरिएबल नॉब थोडा फिरवून हेच साधतात, पण मग घराचं माप विसरायचं.

होल्डऑफचं दुसरं काम नॉबवर लिहिलेलं नसतं: रॅम्पचा कपॅसिटर पूर्ण रिकामा होईपर्यंत पुढचा स्वीप अडवणं. होल्डऑफचा स्वतःचा कपॅसिटर टाइम/डिव्हबरोबरच बदलतो. तो उघडा पडला किंवा त्याची किंमत घटली की रॅम्प दर वेळी वेगळ्या व्होल्टेजवरून सुटतो आणि रेषेची डावी सुरुवात थरथरते. लोक ट्रिगर सर्किट उकरत बसतात, दोष इथे असतो. हे एकाच-दोन टप्प्यांवर होत असेल तर शंका आधी स्विचच्या काळ्या पडलेल्या संपर्कांवर घ्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून वीस-तीस वेळा फिरवा. गंज काढायचा तेलकट स्प्रे नको, त्यावर धूळ चिकटते.

ऑटो या ट्रिगर मोडमध्ये थोडा वेळ ट्रिगर आला नाही की स्वीप आपोआप सुटतो, म्हणून इनपुट नसतानाही रेषा दिसते. पण सिग्नल फार सावकाश असेल, ५-१० हर्ट्झचा, तर ऑटोला तो ‘ट्रिगर नाही’ असाच वाटतो आणि चित्र पळतं. तिथे नॉर्म (नॉर्मल मोड, ट्रिगर आला तरच स्वीप). उलट, नॉर्ममध्ये पडदा काळा दिसला म्हणून स्कोप बिघडला असं समजू नका.

दोन चॅनलमधला फेज बघताना सोर्स फक्त चॅनल १ ठेवा. व्हर्ट मोड किंवा आल्टरनेट ट्रिगरमध्ये प्रत्येक चॅनल स्वतःच्याच चढावर सुटतो, दोन्ही चित्रं छान थांबतात आणि त्यांच्यामधलं दिसणारं अंतर खोटं असतं.

स्वीपचं माप तपासायला समोरचं कॅलिब्रेटरचं टोक वापरू नका. स्वस्त स्कोपमध्ये त्याचा व्होल्टेज बऱ्यापैकी अचूक असतो, फ्रीक्वेन्सी नाही. क्रिस्टल असलेल्या कुठल्याही मायक्रोकंट्रोलर बोर्डमधून १ किलोहर्ट्झ काढा, १ मिलिसेकंद/घर लावा. दर रेषेवर एक चढ यायला हवा. सगळं सारख्या प्रमाणात ताणलेलं दिसलं तर दुसऱ्या दशकांवरही तसंच आहे का ते पाहा: असेल तर आडवा गेन, नसेल तर टायमिंगचे भाग. मध्ये जुळून टोकाला चुकत असेल तर रॅम्प किंवा आडवा ॲम्प्लिफायर सरळ चालत नाहीये.