उन्हाळ्यात अंगणातल्या लॉनला रोज पाणी घालावंच लागतं का?

नाही, मुळं धरलेल्या लॉनला एप्रिल-मेमध्येही तीन-चार दिवसांतून एकदा, पण भरपूर पाणी पुरतं. रोज शिडकावा केला की वरचा इंचभरच थर ओला होतो, मुळं तिथेच घुटमळतात आणि एक दिवस चुकला तरी गवत पिवळं पडतं.

एका वेळी साधारण १५ मिलिमीटर द्या, म्हणजे १०० चौरस फुटांना सुमारे १४० लिटर. स्प्रिंकलर असेल तर सरळ कडांचे तीन-चार रिकामे डबे लॉनवर ठेवा आणि डब्यांत दीड सेंटिमीटर पाणी जमायला किती मिनिटं लागतात ते बघा. पुढे घड्याळ लावून तेवढंच. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरतं, त्यामुळे ते वाहून फरशीवर येतं. तिथे निम्मं देऊन अर्ध्या तासाने उरलेलं द्या. वेळ पहाटेची. पुढची पाळी कधी, हे गवतच सांगतं: चाललेल्या पावलांचे ठसे उठून राहिले, रंग निळसर झाला की पाणी द्या. उन्हाळ्यात कापणी दोन इंचांखाली नको.

नव्याने लावलेल्या लॉनला मात्र पहिले दोन-तीन आठवडे रोज थोडं थोडं पाणी लागतं, आणि मुरमावर जेमतेम चार इंच माती टाकली असेल तर तीन दिवसांचं अंतरही झेपत नाही. आरओचं वाया जाणारं पाणी कायम वापरू नका, त्यातले क्षार मातीत साठतात.