तारखेऐवजी कामांचे परस्परावलंबन नोंदवा
बांधकामाच्या वेळापत्रकात तुम्ही प्रत्येक कामासमोर थेट तारीख टाकत आहात. ही सवय आत्ताच सोडावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तारीख पक्की बांधली की आधीचे काम लांबले तरी पुढचे काम कागदावर जागचे हलत नाही आणि उशीर साइटवरच कळतो. त्यापेक्षा कोणते काम कशावर अवलंबून आहे, ते नोंदवा. आयएस ४५६ या काँक्रीटकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधील अंतराच्या) स्लॅबखालील टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवावे लागतात. त्यामुळे खालच्या मजल्यावरील वीटकाम कधी सुरू होणार, हे मालकाच्या घाईवरून नव्हे, तर या मुदतीवरून ठरते.

सोलापुरात पाणी ही स्वतंत्र अट धरावी. एका कामावर मी स्लॅब वेळेत भरला, पण तिसऱ्या दिवशी टँकर आला नाही, आणि दुपारपर्यंत स्लॅब ओला ठेवण्यासाठी वर केलेली पाण्याची आळी कोरडी पडून केसासारख्या भेगा उमटल्या. तेव्हापासून ‘पाणी साठवणे’ हे मी स्लॅबच्या आधीचे वेगळे काम म्हणून लावतो. मे महिन्यात काँक्रीट पहाटेच भरावे. जानेवारीतील सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचे दिवस कॅलेंडरमध्येच सुट्टीचे धरावेत. पक्की तारीख फक्त करारातील ताबा देण्याच्या दिवसाला लावावी.