पाचवीतल्या मुलाला अपूर्णांकांचा भागाकार घरी कसा समजावावा?

वही बाजूला ठेवा आणि तराजू घ्या: '२ किलोत पाव किलो किती वेळा बसतो?' हाच २ ÷ १/४ चा अर्थ. मुलाने स्वतः ८ पुड्या बांधल्या की भागूनही उत्तर मोठे कसे आले, हे वेगळे सांगावे लागत नाही. मी जळगाव जिल्ह्यात चोपड्याकडे पाचवी-सहावीला गणित शिकवते; 'उलटा करून गुणा' पाठ असलेली मुलेही उरलेल्या भागापाशी अडतात. म्हणून २ किलो दादर (आमच्याकडची ज्वारी) पाऊण किलोच्या पिशव्यांत भरायला लावा. २ पिशव्या भरतात, अर्धा किलो उरतो, आणि मूल बिनधास्त '२ पूर्णांक १/२' लिहिते. तिथेच थांबून विचारा, 'उरलेली दादर पिशवीचा किती भाग?' पिशवी तीन पावांची, उरले दोन पाव, म्हणून उत्तर २ पूर्णांक २/३. इथे घाई अजिबात नको, दोन दिवस लागले तरी लागू द्या. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्दही अपूर्णांकात लिहून घ्या. मात्र १/२ ÷ ३ ला 'किती वेळा' हा प्रश्न मुलांना पटत नाही. तिथे अर्धी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी तिघांत वाटा, प्रत्येकाला १/६ येते.