देवाला ‘का?’ विचारलं, तर विश्वास संपला का?

समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत एक काळजी मला पुन्हा पुन्हा भेटते. “प्रार्थनेला बसले की तोंडातून तक्रारच निघते. देवाचा राग येतो. माझा विश्वास संपला का? आता देवही माझ्यावर रागावला असेल का?” दीर्घ आजारपण असलेल्या घरात तर हा प्रश्न हमखास असतो, फक्त तो बाहेर यायला वेळ लागतो. नागपुरातल्या एका बाईंच्या अनुभवातून त्याचं उत्तर देते. लिहायला त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

बाई पन्नाशीच्या, शाळेत शिक्षिका, चर्चच्या मंडळीच्या गायनवृंदात बरीच वर्षं गाणाऱ्या. यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर खेपेला चार तास. विदर्भातली अवयवांची प्रतीक्षायादी नागपूरचं झेडटीसीसी, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र, सांभाळतं, त्या यादीत त्यांचं नाव लागलेलं. घरात कोणाची किडनी जुळली नाही, आणि सख्ख्या दिरानं तपासणीच करून घेतली नाही.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मे महिना होता. नवऱ्याचं, शाळेचं, पैशांचं सगळं सांगून झालं आणि मग खाली मान घालून म्हणाल्या, “ताई, मी लपून पाणी पिते.”

डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजून असतं. लघवी जवळजवळ बंद झालेली असल्यामुळे दोन डायलिसिसच्या मधे पोटात गेलेलं पाणी अंगातच साठतं, पाय सुजतात, दम लागतो. यांच्या यजमानांना चहा, वरण, ताक सगळं धरून दिवसाला एक लिटरच्या आत राहायला सांगितलेलं. बाहेर ४५ अंशांचं ऊन, खोलीत कूलरची घरघर, आणि माणूस बर्फाचा एक खडा जिभेवर फिरवत दुपार काढतोय. त्यांच्यासमोर ग्लास तोंडाला लावायचा बाईंना धीर होत नव्हता. माठावरचं झाकण वाजू नये म्हणून त्या मागच्या अंगणातल्या नळाला ओंजळ लावून पाणी प्यायच्या.

“एका दुपारी तसंच पाणी पिताना तोंडातून निघून गेलं, ‘तू आहे ना? मग काऊन नुसता पाहून राहिला?’ देवालाच म्हटलं मी. तेव्हापासून भीती वाटते. चर्चमध्ये जात नाही. गाणं सोडलं.”

त्यात भर म्हणजे आजूबाजूच्यांचे सल्ले. एकीनं सांगितलं, घरात काही लपलेलं पाप असेल, शोधा. दुसरी म्हणाली, बायबलातलं एक्क्याण्णवावं स्तोत्र रोज म्हणा, केसालाही धक्का लागणार नाही. तिसरी म्हणाली, बरं झाल्याची साक्ष आत्ताच देऊन टाका, म्हणजे देव करील. सगळ्या मायेनंच बोलल्या असतील, पण थकलेल्या बाईच्या डोक्यावर त्यांनी आणखी एक ओझं ठेवलं.

स्तोत्रांकडे वळण्याआधी मी नेहमी तीन गोष्टी विचारते: झोप, जेवण, आणि मरून जावंसं वाटतं का. झोप जेमतेम तीन-चार तास होती, जेवण बरं होतं, मरणाचा विचार नव्हता. तो असता तर मी त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले असते. पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, वाचन आणि औषधाची गोळी यांचं काही वैर नाही. हे वाचणाऱ्या कोणाच्या मनात तसा विचार घोळत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर आत्ताच फोन करा; रात्री-अपरात्री कधीही चालतो, मराठीत बोलता येतं. डायलिसिसच्या खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी झाली आहे ना, तेही विचारून घेतलं. पैशाची धास्ती तशीच ठेवून देवाच्या दयेवर बोलणं मला पटत नाही.

मग त्यांच्या पर्समधलं पवित्र शास्त्र मागून घेतलं. त्यातला दीडशे स्तोत्रांचा संग्रह, स्तोत्रसंहिता, उघडली. तेविसावं, एक्क्याण्णवावं, एकशे एकविसावं स्तोत्र लाल पेन्सिलीनं भरलेलं, पानांच्या कडा बोटांनी मळलेल्या. तेरावं, चव्वेचाळिसावं, सत्त्याहत्तरावं, अठ्ठ्याऐंशीवं मात्र कोरं करकरीत, छापखान्यातून आल्यासारखं. हे मी कितीतरी घरांतल्या शास्त्रांत पाहिलं आहे. आपण अभिवचनांवर रेघा ओढतो आणि रडगाणी ओलांडून पुढे जातो.

“तेरावं वाचा,” म्हटलं. “मोठ्यानं.”

सहाच वचनांचं स्तोत्र आहे. पहिल्या दोन वचनांतच दावीद राजा चार वेळा देवाला विचारतो, असं कोठवर चालणार? मला कायमचा विसरणार आहेस का? माझ्यापासून तोंड कोठवर लपवणार? बाई वाचत गेल्या आणि संपल्यावर माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, “आता वर, स्तोत्राच्या डोक्यावर काय छापलंय ते वाचा.” तिथे लिहिलेलं असतं की हे मुख्य गवयासाठी आहे.

गायनवृंदात उभं राहणाऱ्या बाईंना वेगळं समजावून सांगायची गरज पडली नाही. दावीदानं ही तक्रार उशीत तोंड खुपसून केली आणि विसरून गेला, असं झालेलं नाही. ती गवयाच्या हाती गेली, चालीत बसली, देवाच्या घरात लोकांनी मिळून गायली. ‘काऊन नुसता पाहून राहिला’ हे उपासनेच्या क्रमात होतं!

मला या बाईंना जे सांगायचं होतं ते एवढंच होतं. देव कसा आहे हे स्तोत्रसंहितेत फक्त त्याच्या स्तुतीच्या ओळींतून कळत नाही. त्यानं स्वतःविरुद्धच्या कोणत्या ओळी शास्त्रात राहू दिल्या, त्यातूनही कळतं. दीडशे स्तोत्रांत विलापाच्या स्तोत्रांचा वाटा सगळ्यांत मोठा आहे. चव्वेचाळिसाव्या स्तोत्रात लोक देवाला म्हणतात, जागा हो, झोपलास का? आणि एकशे एकविसाव्यात, ज्याच्यावर बाईंची लाल पेन्सिल फिरली होती, तिथे म्हटलंय की इस्राएलाचा रक्षक झोपत नाही, डुलकीही घेत नाही. दोन्ही एकाच संग्रहात आहेत. झोप न घेणाऱ्या देवानं ‘झोपलास का’ असं विचारणाऱ्याला बाहेर काढलं नाही. छप्पन्नाव्या स्तोत्रात तर दावीद म्हणतो की माझी आसवं तू बुधलीत भरून ठेव, ती तुझ्या वहीत लिहिलेली आहेत ना? आणि एकशे तिसऱ्यात सांगितलंय की आपण माती आहोत हे देवाच्या ध्यानात आहे, बाप जसा मुलांवर तशी तो दया करतो. बापाला पोराची किरकिर नवी नसते.

“पण मग एक्क्याण्णवावं खोटं का?” बाईंनी विचारलं. शिक्षिका होत्या, प्रश्न बरोबर जागी विचारत.

खोटं नाही. पण ते कोणी कसं वापरलं हे बघायला हवं. येशूची अरण्यात परीक्षा झाली तेव्हा सैतानानं मंदिराच्या शिरावर उभं करून त्याला याच स्तोत्रातलं वचन ऐकवलं: उडी टाक, देवदूत तुला झेलतील. येशूनं उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहू नको, असं उत्तर दिलं. आणि पुढे वधस्तंभावर त्याच्या तोंडी आलं ते बाविसावं स्तोत्र, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? ज्याच्या नावानं आपण प्रार्थना करतो त्यानंच शेवटच्या घटकेला ‘का’ विचारलं. विश्वास कमी पडला असं त्याच्याबद्दल कोण म्हणेल?

आपल्या नागपूरचंच घ्या. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये इथे आले, शाळा काढल्या, गोंडी बोली टिपून ठेवली, इथल्या दगडांचा अभ्यास केला. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेले. वय पंचेचाळीस. त्यांचं नाव लावलेलं कॉलेज आजही शहरात उभं आहे. त्यांना एक्क्याण्णवावं स्तोत्र ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणणार नाही. त्या स्तोत्रातच, शेवटी शेवटी, देव म्हणतो, संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन. संकट येतं हे त्यात धरलेलंच आहे. वचन पाठ केलं की पुराचं पाणी ओसरतं, किडनीचा बिघाड दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन उतरतं, असा करार देवानं कोणाशी केलेला नाही. आजारी माणसाच्या घरात तो करार सांगत फिरणं क्रूर आहे, हे माझं स्पष्ट मत आहे.

पुढच्या भेटीसाठी मी त्यांना एक काम दिलं. तेराव्या स्तोत्राची पहिली चार वचनं समोर ठेवून आपलं स्वतःचं स्तोत्र लिहायचं, घरात बोलतो त्या भाषेत. पाचवं वचन लिहायचं नाही. पाचव्यात दावीद म्हणतो की मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. पण तिथे ओढत नेलं तर माणूस खोटं लिहितो, आणि देवापुढे खोटं लिहायची सवय लागली की मन आणखी कोरडं पडतं.

त्यांनी शाळेच्या दुरेघी वहीत लिहून आणलं. “देवा, यायले पानी दे नाही तर तहान तरी नको देऊ. मी किती दिवस नळाशी तोंड लपवू? यादीतला नंबर तुले दिसत नाही का?” एवढं वाचून त्या भरपूर रडल्या. मी मधे बोलले नाही.

तशी त्यांनी बरीच पानं लिहिली. एक पूर्ण पान दिरावर होतं, आणि ते देतानाच त्यांना लाज वाटत होती. मी त्यांना पंचावन्नावं स्तोत्र दाखवलं. ‘आपला भार परमेश्वरावर टाक’ हे वचन आपल्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर, फ्रेममध्ये, लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा दिसतं. ते याच स्तोत्रातलं आहे, आणि ते स्तोत्र जवळच्या माणसानं दगा दिल्याचं आहे. शत्रूनं केलं असतं तर सोसलं असतं, पण तू, माझा सोबती, आपण बरोबर देवाच्या मंदिरात जायचो, असं त्यात आहे. त्या भारात दिराचा राग धरलेला आहे. तो देवासमोर टाकला म्हणून त्यांनी दिराला फोन करून सुनावलं नाही. तो विषय वहीत राहिला. त्याच्याशी समेट झाला असं मी सांगणार नाही, कारण झालेला नाही.

अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मी त्यांना एकटीनं वाचू दिलं नाही, बरोबर बसून वाचलं. ते कोणत्याही उजेडाशिवाय, अंधारात संपतं. पण पहिल्याच ओळीत स्तोत्रकर्ता हेमान ‘माझ्या उद्धाराच्या देवा’ अशी हाक मारतो, आणि पुढची सगळी काळोखी त्यालाच ऐकवतो, रात्रंदिवस. बाई म्हणाल्या, “म्हणजे भांडतोय, पण उठून गेला नाही.” हो. भरवसा म्हणजे काय, हे मी त्यांना याहून बरं सांगू शकले नसते. नळापाशी त्यांनी ‘तू आहे ना?’ असं विचारलं होतं ते कोणाला? त्याच दुपारी त्यांचा भरवसा शाबूत होता. त्यांना तो पाप वाटला होता, इतकंच.

सगळ्यात शेवटी सत्त्याहत्तरावं घेतलं. देव दया करायला विसरला का, असं विचारणारा स्तोत्रकर्ता आसाफ एका ठिकाणी थांबतो आणि म्हणतो, मी त्याची जुनी कृत्यं आठवीन. मग देवानं तांबड्या समुद्रातून इस्राएली लोकांना काढल्याचं आठवतो, आणि म्हणतो की तुझी वाट समुद्रातून गेली, पण तुझ्या पावलांचे ठसे दिसले नाहीत. वाट झाली, ठसे दिसले नाहीत. यावर बाई पुष्कळ दिवस विचार करत होत्या. कधीतरी त्यांनी आपणहून सांगितलं की शाळेत सकाळचे तास लावून देणाऱ्या पर्यवेक्षिका आणि एकाच टोचणीत सुई बरोबर लावणारा डायलिसिसचा टेक्निशियन, हे दोघं त्यांनी वहीत लिहून ठेवलेत. पुढे कंसात लिहिलंय, “ठसे नाहीत, पण लिहून ठेवते.”

पाण्याचंही त्यांनी घरी सांगून टाकलं. यजमान म्हणाले, “मले माहीत होतं. नळ वाजते ना. इथंच बसून पी तू, मी पाहतो.”

प्रतीक्षायादीत नाव अजून आहे. डायलिसिस चालू आहे. बाई रविवारी उपासनेला जातात, मागच्या बाकावर बसतात, गायनवृंदात परतलेल्या नाहीत आणि मी घाईही करत नाही. मंडळीतले दोन तरुण आता आळीपाळीनं गुरुवारच्या खेपेला यजमानांबरोबर जाऊन बसतात. त्या दिवशी बाईंना शाळेतून आल्यावर झोपता येतं. पाळकसाहेबांनी त्यांच्याच विनंतीवरून एका रविवारी तेरावं स्तोत्र सगळ्यांकडून मोठ्यानं वाचून घेतलं, सहाही वचनं. बाई चौथ्यापर्यंत म्हणाल्या. पाचवं आणि सहावं बाकीच्यांनी म्हटलं.