आईच्या गाठीतील पीआयके३सीए बदल: मुलींनी रक्त तपासावे का?

ताई, आपला प्रश्न दोनदा वाचला. आईंचा स्तनाचा कर्करोग संप्रेरक-सकारात्मक (संप्रेरकांच्या आधाराने वाढणारा) आणि हर-टू नकारात्मक (हर-टू हे प्रथिन वाढलेले नसलेला) आहे, तो आता हाडांत परतला आहे, गाठीच्या जनुकीय तपासणीत ‘पीआयके३सीए, एच १०४७ आर’, म्हणजे पीआयके३सीए या जनुकातील एक बदल, असे आले आहे, आणि ‘जनुकात दोष म्हणजे आनुवंशिक’ असे सांगून नातेवाईक आपणा दोघी बहिणींना रक्त तपासून घेण्याचा आग्रह करत आहेत. पुण्यातील प्रयोगशाळांत असे अहवाल वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

या बदलासाठी आपण दोघींनी रक्त तपासण्याची गरज नाही. हा बदल आईंना जन्मापासून नव्हता. स्तनातील एखाद्या पेशीत तो पुढे कधीतरी घडला आणि त्या पेशीच्या वंशजांत, म्हणजे गाठीत, राहिला. स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातील जन्मजात दोष अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, आणि लोक त्याच मापाने हा अहवाल वाचतात. वय व घराण्यातील इतिहास पाहून डॉक्टरांनी आईंच्या रक्तातून बीआरसीए तपासायला सांगितले, तर ते जरूर करावे. पण तो प्रश्न वेगळा आहे. असाच अहवाल हाती घेऊन तीन मुलींच्या तपासण्यांवर मोठा खर्च केलेले एक कुटुंब मी पाहिले आहे. त्यांना हे कोणीच समजावून सांगितले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

पीआयके३सीए हे जनुक तिसऱ्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर असते. त्यावरून १०६८ अमिनो आम्लांचे एक प्रथिन तयार होते आणि ते पीआय-३ कायनेज या विकराचा (एन्झाइमचा) प्रत्यक्ष काम करणारा घटक असते. कायनेज म्हटले की प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारा विकर डोळ्यांसमोर येतो; हा मात्र पेशीपटलातील एका मेदरेणूवर, त्यातील साखरेसारख्या कड्याच्या तिसऱ्या जागी, फॉस्फेट चढवतो. फॉस्फेट चढलेला तो मेद एकेटी नावाच्या प्रथिनाला पटलाजवळ ओढून घेतो, आणि तेथून पेशीला वाढण्याचे, तगून राहण्याचे आणि साखर आत घेण्याचे आदेश सुटतात. पीटीईएन नावाचा दुसरा विकर तेच फॉस्फेट काढून आदेश थांबवतो. निरोगी पेशीत हे चढवणे-उतरवणे सतत चाललेले असते. आईंच्या गाठीत १०४७ क्रमांकावरील हिस्टिडीनच्या जागी आर्जिनीन आले आहे, त्यामुळे हा विकर पटलाला अधिक घट्ट चिकटतो आणि बाहेरून निरोप आला नसतानाही काम करत राहतो. ५४२ आणि ५४५ या जागांवरील नेहमी आढळणारे बदल निराळ्या वाटेने, विकराला आवरून धरणाऱ्या जोडीदार प्रथिनाची पकड सैल करून, तोच परिणाम घडवतात.

कर्करोगांत हे बदल वारंवार आढळतात हे २००४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी दाखवले. आईंना असलेल्या प्रकारच्या स्तनाच्या कर्करोगात सुमारे ४० टक्के रुग्णांत ते सापडतात. या अहवालाचा खरा उपयोग उपचारासाठी आहे. अल्पेलिसिब हे औषध नेमका हाच विकर रोखते; अमेरिकेत मे २०१९ मध्ये फुलवेस्ट्रँट या संप्रेरक-रोधक औषधाच्या जोडीने त्याला मान्यता मिळाली. ज्या चाचणीवर ती मान्यता आधारलेली होती, तीत हा बदल असलेल्या रुग्णांचा आजार न वाढता राहण्याचा मध्यम काळ ५.७ महिन्यांवरून ११ महिन्यांवर गेला. हा लाभ खरा आहे, पण तो रोगमुक्ती नव्हे, हे घरात आधीच स्पष्ट बोललेले बरे.

आता ज्या मुद्द्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसलो तो. इन्शुलिनचा संदेशही याच विकरातून जातो, त्यामुळे औषधाने तो रोखला की रक्तातील साखर चढते. त्या चाचणीत औषध घेणाऱ्या सुमारे ६४ टक्के रुग्णांत असे झाले आणि ३७ टक्क्यांत ते गंभीर प्रमाणात होते. आईंची साखर आधीच सीमारेषेवर आहे असे आपण लिहिले आहे. त्या अंगाने बारीक आहेत म्हणून निर्धास्त राहू नये: पुण्याच्या केईएम रुग्णालयात मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दीर्घकाळ केलेल्या अभ्यासातून दिसले आहे की बारीक दिसणाऱ्या आपल्या लोकांतही शरीरातील चरबीचे प्रमाण अधिक असते आणि मधुमेहाचा धोका त्याच्याशी जोडलेला असतो. औषध सुरू होण्यापूर्वी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (मागील दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे माप) तपासून घ्यावे, मधुमेहतज्ज्ञांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे, आणि पहिल्या काही आठवड्यांत घरच्या ग्लुकोमीटरवरील नोंदी वहीत ठेवाव्यात. साखर वाढलीच, तर कर्करोगतज्ज्ञांना न विचारता इन्शुलिन सुरू करू नये, कारण उंदरांवरील प्रयोगांत वाढलेल्या इन्शुलिनने रोखलेला मार्ग पुन्हा चालू झाल्याचे २०१८ मध्ये दिसले आहे. मात्र साखर फार चढली आणि डॉक्टरांनीच इन्शुलिन दिले, तर ते नाकारूही नये. त्याच प्रयोगांत कर्बोदके जवळजवळ वर्ज्य करणाऱ्या आहाराने औषधाचा परिणाम वाढला, पण रक्ताचा कर्करोग असलेल्या उंदरांच्या एका प्रयोगात नुसत्या त्या आहाराने आजार बळावला, म्हणून भात-पोळी परस्पर बंद करण्याचा निर्णय घरी घेऊ नये.

शेवटी एक लहानशी गोष्ट. गाठीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) ज्या प्रयोगशाळेत गेला असेल तेथून लेखी मागून परत घ्या आणि अहवालासोबत जपून ठेवा. पुढे दुसरी तपासणी लागली, तर हाडाची सुई-तपासणी पुन्हा करण्याचा त्रास कदाचित वाचेल.