जंतुरोधक फिल्म बनवताय? सुरुवात इथून करा

चांदीच्या नॅनोकणांचा मोह सध्या बाजूला ठेवा. आधी कायटोसनची (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या जंतुरोधक पदार्थाची) साधी फिल्म जमवा: कायटोसन १ टक्का अ‍ॅसिटिक आम्लात विरघळवा, गाळा, बुडबुडे जाऊ द्या, पेट्री डिशमध्ये ओतून सपाट जागी सावकाश वाळवा.

नवशिके सगळ्यात जास्त फसतात ते पुढे. फिल्ममध्ये उरलेलं आम्लच जिवाणू मारतं आणि श्रेय कायटोसनला जातं! म्हणून सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवा, मग धुवणाचं पाणी उदासीन होईपर्यंत धुवा.

- तुलनेला साध्या पॉलिथिनचा तुकडा हवाच.
- अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमावर) फिल्मभोवती जिवाणू नसलेलं वलय दिसलं नाही तरी खचू नका. वलय फक्त बाहेर झिरपणाऱ्या घटकाचं उमटतं. फिल्मवरच जिवाणू ठेवून २४ तासांनी वसाहती मोजणारी आयएसओ २२१९६ ही आंतरराष्ट्रीय प्रमाणित पद्धत शिका.

जखमेवर लावायची असेल, तर पेशींवरची विषारीपणाची चाचणीही लवकरच करून घ्या.